पुरुमेंताचं शहाणपण: फोंडा तालुक्यातल्या एका घरातली ३४० मिनिएचर आणि एक बंद कपाट

हे प्रकरण ज्या घरात घडलं, त्या घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं आणि वाड्याचा तपशील गाळला आहे. कपाट उघडलं त्या संध्याकाळपासून पुढचा पावसाळा सरेपर्यंत मी या कामात मदतीला होतो, त्यामुळे बहुतेक गोष्टी स्वतः पाहिलेल्या आहेत. गोव्यात वॉरगेमिंगचा, म्हणजे छोटे सैनिक (मिनिएचर) रंगवून त्यांच्या लढाया टेबलावर खेळण्याचा छंद असलेले थोडेच आहोत. एकाचं झालेलं नुकसान बाकीच्यांनी पुन्हा सोसू नये, म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

माझा मित्र चाळिशीच्या उंबरठ्यावरचा. नोकरी पणजीत, घर फोंडा तालुक्यात. घर वडिलोपार्जित, चिऱ्यांच्या भिंतींचं, वर मंगळुरी कौलं. पश्चिमेच्या भिंतीला लागून कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. घरात आई, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा.

अकरा वर्षांत त्याच्याकडे ३४० मिनिएचर जमली होती. बहुतेक २८ मिलिमीटरची, म्हणजे सैनिकाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण तेवढी उंची. यातली २२८ पॉलिस्टायरीन प्लास्टिकची, ६० रेझिनची आणि ५२ धातूची. धातूची सगळी ऐंशीच्या दशकातली, शिशाच्या मिश्रधातूची. बोटीवरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी ती परदेशी बंदरांतून एकेक करून आणली होती आणि याचा जीव त्यात आहे हे पाहून अगदी स्वस्तात देऊन टाकली. शिवाय १३० च्या आसपास रंगांच्या बाटल्या, स्प्रेचे डबे, सेबलचे (प्राण्याच्या केसांचे) ब्रश, खेळाच्या नियमांची पुस्तकं.

गेली तीन वर्षं तो एका मोठ्या कामात गुंतला होता: १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा. संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि पोर्तुगिजांना माघार घ्यावी लागली, तो प्रसंग. राहत्या घराच्या परिसरात झालेली लढाई टेबलावर उभी करायची, ही त्याची इच्छा. मावळ्यांचे तयार साचे हवे तसे मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या सैन्यांची धडं, मुंडकी, पागोटी एकत्र करून त्यानं ऐंशी-नव्वद मावळे स्वतः घडवले होते. तटबंदीचे तुकडेही घरीच केले होते.

जागेची अडचण दरवर्षी चवथीला यायची. दोन भाऊ कुटुंबासह मुंबईहून येतात, गणपती पाच दिवसांचा. छंदाची खोली पाहुण्यांना द्यावी लागते आणि सगळी खोकी खाटांखाली सरकवावी लागतात. दरवेळी कुणाचा तरी भाला मोडायचा. म्हणून एप्रिलमध्ये त्यानं सुताराकडून एक कपाट करून घेतलं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं, वरून सनमायका, दारांच्या कडांना रबराची पट्टी. रबर यासाठी की धूळ आणि पाली आत जाऊ नयेत. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून उभं केलं, प्रत्येक सैन्याला एक खण दिला, फोमच्या ट्रेमध्ये सगळं नीट लावलं आणि मेअखेर दारं बंद केली. त्यानंतर ऑफिसातली ऑडिटची कामं आली आणि तीन महिने त्यानं कपाट उघडलं नाही.

काय आढळलं

चवथीला सहा दिवस उरले असताना, खोली रिकामी करायच्या निमित्तानं कपाट उघडलं. आधी आला तो कुबट वास, आणि त्यात मिसळलेला डांबरगोळ्यांचा उग्र दर्प.

झालं होतं असं. जूनमध्ये आईंना खोलीत एक-दोन झुरळं दिसली. मुलाची इतकी मेहनत आहे, कीड लागू नये, म्हणून त्यांनी प्रत्येक खणात चार-चार डांबरगोळ्या ठेवल्या. काही ट्रेच्या कडेला, काही थेट सैनिकांच्या मधे. लोकरीच्या कपड्यांना त्या चालतात. पण नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. कपाटाला फट नव्हती, वाफ बाहेर जायला वाट नव्हती. गोळ्यांच्या आसपासचे ४१ सैनिक चिकट झाले होते. काहींचे चेहरे बोटाच्या स्पर्शानं सपाट होत होते, रंगाची साल हाताला येत होती. यातले तेवीस मावळे होते.

धातूच्या ५२ पैकी १९ सैनिकांवर पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. मित्राला ती बुरशी वाटली, पुसली की जाईल अशी. पण तो शिशाचा क्षय होता. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटत राहते, नव्या फळ्यांतून जास्त. दमट बंद हवेत ती शिशावर चढते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे शेवटी पांढरं लेड कार्बोनेट बनतं. यात आम्ल संपत नाही, ते मोकळं होऊन पुढचं शिसं खात राहतं. जुन्या काळी रंगासाठी शिशाचा सफेदा याच तत्त्वावर करत असत, शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून. मित्राच्या कपाटानं नेमकी तीच भट्टी लावली होती.

बाकीचं थोडक्यात. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत विघटित होऊन चिकट झाला होता आणि त्याचा चुरा रंगांवर बसला होता. बेसवरच्या (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवरच्या) कृत्रिम गवताला आणि त्याखालच्या पांढऱ्या गोंदाला हिरवट बुरशी होती. पुस्तकं सादळून लाटांसारखी झाली होती. तीन सेबल ब्रशांचे केस किड्यांनी खाल्ले होते. म्हणजे डांबरगोळ्यांनी ज्यासाठी ठेवल्या ते कामही धड केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आर्द्रतामापक आणला. खोलीत ८४ टक्के, कपाटात ९१. बंद कपाट उघड्या खोलीपेक्षा ओलं होतं. चिरा सच्छिद्र दगड, पावसाचं पाणी शोषतो, आणि कपाटाची पाठ त्याच भिंतीला चिकटलेली. भिंतीतली ओल आत येत होती आणि रबराच्या पट्टीमुळे आतच राहत होती.

घाईतला पहिला निर्णय

त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. मित्रानं सगळे ट्रे अंगणात उन्हात मांडले. ओल काढायची म्हणून हे स्वाभाविक होतं, मीही अडवलं नाही. तासाभरात रेझिनच्या अकरा सैनिकांचे भाले आणि तलवारी वाकल्या. पातळ रेझिन उष्णतेनं मऊ होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण आठवलं नाही. शिवाय मुलांनी उत्सुकतेनं धातूचे दोन सैनिक हातात घेतले. वहिनींनी ते पाहिलं आणि विचारलं, "ही पांढरी पूड कसली?"

त्या प्रश्नानं आम्ही थांबलो. ती शिशाची पूड होती, लहान मुलांसाठी फारच घातक. मुलांचे हात साबणानं धुतले, धातूचे सगळे सैनिक झाकणाच्या डब्यात बंद केले, अंगणातला तो भाग ओल्या फडक्यानं पुसून घेतला. तिथून पुढे ठरवलं की चवथ होईपर्यंत काहीही दुरुस्त करायचं नाही. फक्त तीन गोष्टी: डांबरगोळ्या काढायच्या, सगळं एमडीएफमधून बाहेर आणायचं, आणि सावलीत, पंख्याखाली, मुलांच्या हाताबाहेर ठेवायचं. पाहुण्यांची सोय बाल्कावाशेजारच्या (दर्शनी ओसरीशेजारच्या) खोलीत केली.

हा थांबण्याचा निर्णय मला संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला वाटतो. चिकट झालेलं प्लास्टिक त्या आठ-दहा दिवसांत बरंचसं पुन्हा कडक झालं. आधीच पुसायला घेतलं असतं तर उरलेले बारकावेही गेले असते.

आईंचं म्हणणं

आईंना फार वाईट वाटलं होतं. दोन दिवस आई त्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. मित्रानं त्यांना बसवून सांगितलं, "आई, तू ठेवलंस ते प्रेमानं ठेवलंस. मी कुणाला सांगितलंच नव्हतं की यात काय आहे आणि कशाला काय चालत नाही." हे त्यानं मनापासून सांगितलं आणि ते खरंही होतं.

चवथीनंतर आम्ही पर्यायांवर बोलत बसलो होतो. आई तांदूळ निवडत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "अरे, पुरुमेंताचं सगळं एका कपाटात कोण ठेवतं का?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात मिरच्या, आमसुलं, सुकी मासळी, मीठ, कडधान्य भरून ठेवायचं. मडगावला त्यासाठी फेस्तच भरतं. त्या घरात मिरच्या कडकडीत उन्हानंतर पत्र्याच्या डब्यात जातात, आमसुलं काचेच्या बरणीत, मासळी वेगळी आणि लांब, मिठाला कधी लोखंड लावत नाहीत. जिन्नस काय आहे त्यावर भांडं ठरतं. कुठल्या जेवणात लागणार आहे त्यावर नाही.

आम्ही नेमकं उलटं केलं होतं. मावळ्यांच्या खणात मावळे, मग ते प्लास्टिकचे असोत, शिशाचे असोत की रेझिनचे. सैन्यानुसार लावलेलं दिसायला सुंदर दिसतं आणि खेळताना सोयीचं असतं. थंड देशांतल्या छंदी लोकांच्या खोल्यांत ते चालतंही, कारण तिथे हिवाळाभर हीटर घरातली हवा कोरडी ठेवतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वस्तू कशाची आहे हा प्रश्न आधी येतो.

तोललेले पर्याय

एसीची झोपायची खोली हा पहिला विचार. पण एसी फक्त रात्री चालतो, दिवसा दमट हवा परत येते, आणि गार झालेल्या वस्तूंवर तीच हवा दव धरते. रोजचा हा चढउतार नको वाटला. शिवाय रंग आणि सॉल्व्हंट मुलं झोपतात त्या खोलीत ठेवणं वहिनींना मान्य नव्हतं. ते योग्यच होतं.

कॅमेऱ्यांसाठी मिळतं तसं विजेवर चालणारं कोरडं कपाट उत्तम असतं, पण ३४० सैनिक मावतील एवढं मोठं घ्यायचं तर खर्च झेपणारा नव्हता. पावसात वीज जाते ती वेगळीच.

उघडे रॅक, हा माझा आग्रह होता. हवा खेळती राहिली की आम्ल साठत नाही. पण पाली, धूळ, पाच वर्षांचं मूल आणि ८४ टक्के ओल हे सगळं तसंच राहिलं असतं. मी आग्रह सोडला.

पाणी ओढून खाली साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त असतात. त्यात जमतं ते खारं पाणी. एखादा डबा कलंडला तर धातूला आणि पत्र्याला गंज हमखास. नको म्हटलं.

राहिले ते झाकणाला रबर असलेले पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचे डबे आणि आत ओल शोषणारं सिलिका जेल. दिसायला साधं, पण डबा आम्ल सोडत नाही, ओल आत घेत नाही, आणि एक डबा बिघडला तरी बाकीचे वाचतात. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनाचा होता. आधीच्या कपाटात एक चूक झाली की ती पाचही खणांत पोचत होती.

केलेली कृती

धातूपासून सुरुवात केली. कोरडं घासायचं नाही, कारण पूड उडते. हातमोजे, मास्क, प्लास्टिकचं घमेलं, मऊ ब्रश आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतो ते डिस्टिल्ड पाणी. स्वयंपाकघराची मोरी आणि विहिरीकडची बाजू दोन्ही वर्ज्य. गाळ बाटलीत बंद करून, चिठ्ठी लावून वेगळा ठेवला. पूर्ण वाळल्यावर ब्रशनं लावायचा प्रायमर (रंगाआधीचा थर) दिला, कारण दमट हवेत स्प्रेचा प्रायमर खरखरीत बसतो आणि मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं. या सैनिकांच्या डब्यात लाकूड, पुठ्ठा, वर्तमानपत्र काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. डब्याला कुलूप आहे.

प्लास्टिक आणि रेझिनसाठी फोम पूर्ण बंद केला. प्रत्येक बेसखाली ५ मिलिमीटर व्यासाचं, २ मिलिमीटर जाडीचं निओडायमियम चुंबक चिकटवलं आणि डब्याच्या तळाला जस्ती पत्रा बसवला. स्टेनलेस स्टीलचा पत्रा घेऊ नये, बहुतेक प्रकारांना चुंबक धरत नाही. पत्र्याच्या कापलेल्या कडांना जस्त नसतं, तिथूनच गंज धरतो, म्हणून कडा दुमडून घेतल्या आणि रंगवल्या. डबा तिरका करून, हलवून पाहिला. घोडेस्वार घसरले, त्यांना दोन-दोन चुंबकं लावली. वाकलेले रेझिनचे भाले गरम पाण्यात बुडवून सरळ केले आणि लगेच गार पाण्यात धरले. अकरापैकी नऊ जमले.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घेतलं, ओल शोषली की हिरवं होतं. निळं-गुलाबी टाळलं, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि घरात मुलं आहेत. पुरचुंड्या आईंनी शिवल्या, जुन्या सुती साडीच्या. प्रत्येकीत २०० ग्रॅम. कापडातून रंग दिसत नाही, म्हणून वजन करायचं: पुरचुंडी २३५ ग्रॅमच्या वर गेली की जेल काढून ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ओव्हनमध्ये तापवायचं. त्यासाठीचा ट्रे वेगळा. वजनाची वही आई ठेवतात.

रंगांच्या बाटल्या उभ्या, मसाल्याच्या पायऱ्यांच्या स्टीलच्या मांडणीवर, आतल्या भिंतीशी. स्प्रेचे डबे पूर्वी माळ्यावर होते. मे महिन्यात कौलांखाली किती तापतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या डब्यांवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते. ते खाली आणले, देवघरातली समई आणि गॅस या दोन्हींपासून लांब. स्प्रेचं काम १५ मेपूर्वी संपवायचं, नंतर ऑक्टोबरपर्यंत ब्रश. ब्रश काचेच्या उभ्या बाटलीत, झाकण लावून, पूर्ण वाळल्यावरच. सुपरग्लू हवेतल्या ओलीनंच घट्ट होतो, म्हणून तो जेल टाकलेल्या लहान बरणीत. पुस्तकं लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली.

प्रत्येक डब्यावर दोन चिठ्ठ्या लावल्या. एकीवर सैन्याचं नाव, दुसरीवर ठळक अक्षरांत: "यात डांबरगोळी, अगरबत्ती, अत्तर नको. आत काय आहे: प्लास्टिक." घरातल्या कुणालाही वाचता येईल अशी.

चुंबकं, पत्रा, चौदा डबे, जेल, तीन मापक मिळून साडेआठ हजारांच्या आत काम झालं. कपाटाला त्याहून बरेच जास्त लागले होते. ते आता व्हरांड्यात आहे, दारं काढून, मुलांच्या सायकलच्या सामानासाठी.

पुढच्या पावसाळ्यानंतर

डब्यांमधली आर्द्रता पावसाळाभर ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिली, खोलीत ९० पर्यंत गेली तेव्हाही. एक अपवाद. जुलैमध्ये आम्ही खेळलो आणि एका डब्याचं झाकण नीट बसलं नाही. आठवड्यानं पाहिलं तर ७८. वजनाच्या वहीमुळेच ते कळलं: आई म्हणाल्या की ही पुरचुंडी बाकीच्यांपेक्षा लवकर जड झाली.

धातूच्या ५२ पैकी ४८ शाबूत आहेत. चौघांचे चेहरे आणि हात खाल्ले गेले होते, ते गेले. दोघांच्या खाचांत पांढरं पुन्हा दिसलं, तिथली पूड धुताना राहून गेली होती. ते परत धुतले. प्लास्टिकच्या ४१ पैकी १७ नव्यानं रंगवून उभे राहिले, ९ टाकून द्यावे लागले. उरलेले १५ त्यानं रणांगणावर पडलेले आणि जखमी सैनिक म्हणून टेबलावर वापरले. वेढ्याच्या देखाव्यात ते शोभतात.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलमध्ये कपाट कुठं ठेवायचं हे जागेवरून ठरलं, भिंतीवरून नाही. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवून पाहण्यासाठी मागच्या पावसाळ्यातला एक दिवस पुरला असता. कपाट आतल्या भिंतीशी, पाठीमागे चार बोटं जागा सोडून ठेवलं असतं तरी पुस्तकं आणि प्लास्टिक बऱ्यापैकी वाचलं असतं. धातूला मात्र एमडीएफमध्ये कुठंही ठेवलं असतं तरी धोका होताच.

जुलैत एकदा जरी दारं उघडली असती तर डांबरगोळ्या तीन-चार आठवड्यांत सापडल्या असत्या. मित्र याबद्दल स्वतःला दोष देतो. मला वाटतं, ऑडिटच्या दिवसांत त्याच्या लक्षात राहणं कठीणच होतं. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवं होतं, आणि त्यासाठी घरात आधी बोलायला हवं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण शिशाचे सैनिक घरात आहेत हे वहिनींना त्या अंगणातल्या दुपारीच पहिल्यांदा कळलं. मुलं लहान असताना हे इतकी वर्षं न सांगितलेलं राहिलं, ही मला सगळ्यात गंभीर चूक वाटते.

माझी चूक उन्हाची. ट्रे मांडताना मी शेजारी उभा होतो.

तटबंदीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुकडे डब्यात मावत नाहीत, उघड्यावर ठेवले की गवताला बुरशी येते. या वर्षी त्यानं दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत. एकाचं गवत पांढऱ्या गोंदावर, वरून वॉर्निशचे दोन हात. दुसऱ्यावर गवत अजिबात नाही, फक्त रंगवलेली माती आणि चिऱ्याची भुकटी. दसऱ्याला दोन्ही तपासायचे आहेत.